कण्याचा संधिवात आणि मज्जारज्जू

पाठदुखी म्हटली की श्रमाकडे किंवा वयाकडे बोट दाखविले जाते. परंतु ऐन विशी-तिशीत सुरू होणारी, पहाटे पाठ आखडविणारी आणि विश्रांतीने न शमता हालचालीने कमी होणारी पाठदुखी ही ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ या दाहक संधिवाताची खूण असू शकते.

या विकारात वर्षानुवर्षांच्या दाहामुळे मणके एकमेकांस सांधले जातात. कणा बांबूसारखा ताठ, पण ठिसूळ होतो. मेंदूवर या रोगाचा सहसा थेट आघात होत नाही. धोका असतो तो कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला. अशा रुग्णाच्या मानेचा मणका साध्या पडण्यानेही मोडू शकतो व हातापायांतील शक्ती जाऊ शकते. म्हणून पडल्यानंतर मान किंवा पाठ नव्याने दुखू लागल्यास अस्थिभंग झाला आहे असे समजूनच रुग्णालयात न्यावे. पूर्वीपासून वाकलेली मान बळाने सरळ करू नये. आहे त्याच स्थितीत तिला आधार द्यावा.

क्वचित, जुनाट रोगात कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यासही इजा होते. मांड्यांच्या आतील भागास बधिरता येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच तज्ज्ञांस दाखवावे. वेळीच उपचार व नियमित व्यायाम यांनी कण्याची लवचिकता दीर्घकाळ टिकविता येते.