कराड उत्तर : थोडक्या मतांची मोठी गोष्ट



निवडणूक आली की पारावर एक वाक्य हमखास कानावर येतं, "माझ्या एका मतानं काय व्हणार हाय?" उसाला पाणी पाजायचं, जनावरांना वैरण आणायची, दिवस मोडून मताला कोण जाणार, असा हा हिशेब. त्याला उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या कृष्णाकाठच्या कराड उत्तर मतदारसंघाचा इतिहास पाहिला तरी पुरे.

पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे ती ही, की मत हे आपल्या वाडवडिलांना वारशानं मिळालेलं नव्हतं. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. जागा होत्या १७५. पण मताचा अधिकार कोणाला? ठरावीक शेतसारा किंवा कर भरणारा, किंवा ठरावीक शिक्षण झालेला, अशांना. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात शंभरातल्या चौदा-पंधरा माणसांनाच मत होतं. ज्याच्या नावावर जमीन त्याचं नाव यादीत. त्याच रानात राबणारा सालगडी मात्र यादीबाहेर. बायाबापड्यांची नावं तर फारच थोडी. १९४६ ची निवडणूकही याच चौकटीत झाली. त्या वेळी दक्षिण साताऱ्यातून यशवंतराव चव्हाण निवडून आले आणि पुढे संसदीय सचिव झाले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून काम केलेला, शेतकऱ्याच्या घरातला हा तरुण.

१९५२ साली चित्र पालटलं. एकवीस वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला मत मिळालं. जमीन असो नसो, अक्षर येवो न येवो. कराड तालुक्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ झाले. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची, झालं. काँग्रेसची बैलजोडी ओळखायला शाळेत जावं लागत नव्हतं. कराड उत्तरमधून यशवंतराव निवडून आले आणि मुंबई राज्यात मंत्री झाले. शेजारच्या कराड दक्षिणेत मात्र शेतकरी कामगार पक्षाचे यशवंतराव मोहिते आले. तालुका एक, नावंही सारखी, पण पक्ष दोन!

खरी कसोटी लागली १९५७ साली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं होतं आणि चव्हाण त्याचे मुख्यमंत्री होते. इकडे पश्चिम महाराष्ट्रात "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" या मागणीनं गावं पेटली होती. समितीच्या लाटेत काँग्रेसचे भले भले उमेदवार पडले. साताऱ्याची लोकसभेची जागा क्रांतिसिंह नाना पाटलांनी जिंकली. कराड दक्षिण पुन्हा मोहित्यांकडे गेली. आणि कराड उत्तरेत खुद्द राज्याचा मुख्यमंत्री दोन हजारांच्याही आतल्या मताधिक्यानं कसाबसा निवडून आला.

दोन हजार म्हणजे किती? आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाची मतं. चार वाड्यांतली माणसं त्या दिवशी दुसऱ्या पेटीकडे वळली असती, किंवा घरीच बसली असती, तर निकाल फिरला असता.

त्या निकालानंतर काय घडलं ते आपण सारे जाणतो. काठावर निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याला लोकांच्या मनातलं नीट कळून चुकलं होतं. द्विभाषिक मोडलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. यशवंतरावांच्या कारकिर्दीतच १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ज्या कायद्याखाली आपला कारखाना चालतो, आपण वार्षिक सभेला हात वर करतो, तो हाच. जिंकणाऱ्यांच्या मतानं सरकार चाललं आणि विरोधात पडलेल्या मतांनी त्या सरकारला ऐकायला लावलं. दोन्ही मतं कामी आली. म्हणून हरलेल्या बाजूचं मत वाया गेलं असं कोणी म्हणू नये.

१९६२ साली कराडनं यशवंतरावांना पुन्हा निवडून दिलं. पण त्याच वर्षी चीनचं आक्रमण झालं आणि त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावं लागलं. नंतर मतदारसंघ राहिला, माणसं बदलली. हद्दीही बदलल्या, २००९ पासूनच्या नव्या रचनेत शेजारच्या तालुक्यांतली गावंही कराड उत्तरला जोडली गेली. १९९९ पासून सलग पाच वेळा बाळासाहेब पाटील आले, आणि २०२४ साली मतदारांनी मनोज घोरपडे यांना निवडलं. मतदारसंघ कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही, हाच त्याचा अर्थ.

आता थोडं घरातलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात, मुख्यतः उत्तरेकडे, सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत आली नाहीत. कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता "अमक्याची आई, तमक्याची बायको" एवढंच सांगितलं. आपण हसू; पण आपल्या सभासद यादीत काय आहे? आजोबा वारून वर्षं लोटली, शेअर अजून त्यांच्याच नावावर. ऊस पिकवते सून, नोंद मात्र सासऱ्याची. वारस नोंद झाली नाही तर कारखान्याच्या निवडणुकीत त्या घराचं मत बुडालंच म्हणून समजा. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. दहा एकरवाल्याचं आणि वीस गुंठेवाल्याचं वजन सारखं. ते एकही आपल्या हयगयीनं जावं का?

तेव्हा यंदा ऊस नोंदीला गटऑफिसात जाल तेव्हा सभासद यादीतलं आपलं नाव बघून या. घरातल्या बायकांची नावं मतदार यादीत पुऱ्या नावानिशी आहेत का तेही बघा. कराड उत्तरेत १९५७ साली मोजली गेली ती अशीच साध्या माणसांची, एकेक करून टाकलेली मतं होती.