प्रश्नावलीतला 'विधवा/विधुर' हा पर्याय

'वैवाहिक स्थिती' हा प्रश्न आपण बहुतेक वेळा इंग्रजी प्रश्नावलीतून उचलतो. तिथे 'विडोड' हा एकच शब्द दोघांनाही चालतो. नामं मात्र दोन: स्त्रीसाठी 'विडो', पुरुषासाठी 'विडोअर'. गंमत बघा, 'अ‍ॅक्टर'वरून 'अ‍ॅक्ट्रेस' होतं, इथे उलट आहे. मूळ शब्द बाईचा, प्रत्यय पुरुषाला. 'विडो' आणि आपला 'विधवा' यांचं प्राचीन मूळ एकच आहे.

मराठीत दोघांसाठी एक शब्द रूढ नाही, म्हणून आपण 'विधवा/विधुर' लिहितो. वाटूरला प्रश्नावलीची चाचणी घेताना मी तो पर्याय मोठ्याने वाचला. समोरच्या मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मालक वारले, एवढंच लिही."

त्या का थांबल्या? नवरा गेला की बाईच्या नावामागचं 'सौ.' जातं, 'श्रीमती' किंवा 'गं. भा.' येतं. बायको गेलेल्या पुरुषाचं 'श्री.' तसंच राहतं. म्हणजे हे दोन शब्द जोडीने छापले, तरी त्यांचं वजन सारखं नाही.

म्हणून पर्याय असा लिहा: 'जोडीदाराचं निधन झालं आहे'. लिंग आपण वेगळं विचारतोच, त्यामुळे माहिती काहीच हरवत नाही. विश्लेषणात मात्र स्त्री-पुरुष वेगळे काढा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४.३ कोटी विधवा होत्या, विधुर त्याहून कितीतरी कमी. नवरा सहसा वयाने मोठा असतो आणि पुरुषाचं दुसरं लग्न सहज होतं. एकत्र आकडा दिलात, तर हा फरकच झाकला जाईल.