टेबलावरील युद्धखेळांतील समतोल आणि विनामूल्य पथकांचा प्रश्न

प्रस्तावना :
बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे सैन्य सारखेच असते. लहान प्रतिमा मांडून टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत मात्र प्रत्येक खेळाडू आपले सैन्य स्वतः निवडतो. अशा भिन्न सैन्यांत बरोबरीचा सामना व्हावा, म्हणून प्रत्येक पथकाचे गुणमूल्य ठरविलेले असते व दोघांनाही एकाच गुणमर्यादेत सैन्य उभारावे लागते. या मर्यादेबाहेर काही पथके विनामूल्य मिळाल्यास काय घडते, याचा विचार 'वॉरहॅमर ४०,०००' या ब्रिटिश खेळाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

तरतुदीचे स्वरूप :
गेम्स वर्कशॉप या कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ च्या सातव्या आवृत्तीत, ठरावीक पथके एकत्र घेणाऱ्यास खास लाभ देणाऱ्या 'फॉर्मेशन' रचनांना महत्त्वाचे स्थान मिळाले. २०१५ च्या स्पेस मरीन नियमपुस्तकानुसार दोन अर्धकंपन्या उभारणाऱ्या खेळाडूस त्यांतील पथकांसाठी राइनो, रेझरबॅक किंवा ड्रॉप पॉड ही वाहने शून्य गुणांत मिळत. राइनोचे एरवीचे मूल्य ३५ गुण होते. म्हणजेच दहा पथकांना दहा राइनो मिळाल्यास १५०० गुणांचे सैन्य प्रत्यक्षात १८५० गुणांचे होई. शिवाय मोक्याच्या जागांवर ताबा सांगण्याचा विशेष अधिकारही या वाहनांना असे.

परिणाम :
ही वाढ सुमारे २३ टक्के दिसते. परंतु तिचा प्रभाव त्याहून अधिक असू शकतो. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ च्या ग्रंथात मांडलेल्या वर्गनियमानुसार दुरून मारा करणाऱ्या सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाहन व सैनिक यांची बरोबरी करता येत नसल्याने हा नियम येथे तंतोतंत लागू होत नाही, तथापि १.२३ चा वर्ग सुमारे १.५ येतो, हे लक्षणीय आहे.

समर्थन व त्याची मर्यादा :
सक्तीने घ्यावी लागणारी सामान्य पथके हीच या लाभाची किंमत होय, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु जो खेळाडू ती पथके एरवीही घेणार होता, त्याला ही किंमत जाणवत नाही. आणि ज्याच्या नियमपुस्तकात तुल्यबळ रचनाच नाही, त्याच्याजवळ उत्तर उरत नाही. अनेक महिने खपून रंगविलेले सैन्य मांडण्यापूर्वीच मागे पडते, ही त्याची खरी हानी होय.

पुढील बदल :
२०१७ च्या आठव्या आवृत्तीत या रचना वगळण्यात आल्या व वाहनांसाठी पुन्हा गुण मोजावे लागू लागले. तथापि, विशिष्ट सैन्यरचनेबद्दल अधिक 'कमांड पॉइंट' देण्याची पद्धत आली, म्हणजे लाभाचे केवळ रूप पालटले. २०२० च्या नवव्या आवृत्तीत हा क्रम उलटला. सामन्याच्या आकारानुसार दोघांना समान कमांड पॉइंट मिळू लागले व अतिरिक्त रचनांसाठी ते खर्च करावे लागू लागले.

समारोप :
गुणमूल्य हा दोन खेळाडूंमधील करार आहे. विशिष्ट सैन्यरचनेस उत्तेजन देणे गैर नाही; मात्र त्या उत्तेजनाची किंमत दोघांनाही दिसेल अशा रीतीने त्याच हिशेबात मांडली गेली, तरच समतोल टिकू शकतो.