आधी बाहेर पडायचा भाव

नांदेडच्या वजिराबादेत मी करसल्लागार म्हणून काम करते. जून-जुलैत नांदेडचे आणि लातूरचे शेअरवाले ब्रोकरकडून मिळालेलं वर्षाचं नफा-तोटा पत्रक घेऊन येतात. त्यात आडते असतात, नीटच्या क्लासला शिकवणारे असतात, बँकेतून निवृत्त झालेलेही असतात. या पत्रकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दहापैकी सात सौदे नफ्यात असतात, तरी वर्षाची बेरीज उणे येते.

लातूरच्या एका शिक्षकांचं पत्रक सांगते. नफ्याच्या ओळी भरपूर होत्या. दोन-तीन दिवसांत घेतलं-विकलं. कुठे आठशे सुटले, कुठे बाराशे. तोट्याच्या ओळी मोजक्याच. पण त्यातल्या एका ओळीत खरेदी आणि विक्रीत पाच महिन्यांचं अंतर, मधे दोनदा ‘ॲव्हरेज’ केलेलं, म्हणजे भाव पडल्यावर आणखी घेतलेलं, आणि शेवटी एकोणीस हजारांचा तोटा. शेअर घेतला होता चार दिवसांसाठी. पडला म्हणून तो ‘लाँग टर्म’ झाला. “मॅडम, येईल की परत,” हे त्यांचं वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकते.

स्टॉपलॉस म्हणजे ‘इथपर्यंत पडला तर मी चुकलो’ असा भाव. तो खरेदीच्या आधी ठरवायचा, कारण पैसे अडकल्यावर डोकं शांत राहत नाही. ठरवताना खिशाकडे नाही, चार्टकडे बघायचं. शेअर अलीकडे जिथून वर उचलला गेला, त्या तळाच्या थोडं खाली स्टॉप ठेवतात. रोज पंधरा रुपये वर-खाली होणाऱ्या शेअरला पाच रुपयांवर स्टॉप लावला, तर नुसत्या हेलकाव्यानेच तो उडणार. भाव वाढला तर स्टॉप वर सरकवावा. खाली मात्र कधीच नाही.

किती शेअर घ्यायचे, हेही स्टॉपच ठरवतो. समजा, भांडवल दोन लाख आहे आणि एका सौद्यात त्यातला एक टक्का, म्हणजे 2,000 रुपयेच घालवायची तयारी आहे. शेअर 500 ला आहे, स्टॉप 480 ला. एका शेअरमागे धोका 20 रुपयांचा, म्हणून 100 शेअर. 540 ला विकले तर नफा 4,000. बहुतेक जण याला आठ टक्के म्हणतात. मी म्हणते, धोक्याच्या दुप्पट. हाच आकडा कामाचा, कारण त्याने वेगवेगळे सौदे एकाच मापाने मोजता येतात. स्टॉपला बाहेर पडलात तर उणे एक, 540 ला विकलंत तर अधिक दोन. त्या शिक्षकांच्या सौद्यांना स्टॉपच नव्हता. समजा, प्रत्येकात 2,000 चाच धोका धरला, तर नफ्याचे सौदे जेमतेम अर्ध्या पटीचे आणि तो एक सौदा उणे साडेनऊ! सातांत कमावलेलं एकात कसं गेलं, ते असं मोजलं की कागदावर दिसतं.

आता नेहमीची तक्रार: “माझा स्टॉप उडवून शेअर वर गेला.” खरी आहे ती. 4 जून 2024 आठवा. नांदेडला, लातूरला लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि तिकडे निफ्टी कोसळत होता. आदल्या दिवशी 23,263 ला बंद झालेला निफ्टी दिवसात 21,281 पर्यंत गेला आणि 21,884 ला बंद झाला, जवळपास सहा टक्के खाली. आणि 7 जूनला तो 23,290 वर होता! स्टॉप लावणाऱ्यांचं नुकसान झालं, न लावणारे सुटले, असं तेव्हा कितीतरी जणांनी मला ऐकवलं. माझं मत तेव्हाही बदललं नाही, आजही नाही. त्या दुपारी कुणालाच माहीत नव्हतं की तीन दिवसांत भाव परत येतील. एका सौद्यावरून स्टॉपचा हिशेब होत नाही; निदान पन्नास सौद्यांची बेरीज मांडावी लागते.

पडलेला भाव परत येईलच असं नाही, हे लातूरला तर सोयाबीनने शिकवलंच आहे. 2021 च्या पावसाळ्यात भाव क्विंटलला 10 हजारांच्या घरात गेला आणि नवा माल येताच जवळपास निम्म्यावर आला. शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदाच पीक येतं, त्याची लाचारी मला समजते. शेअर मात्र सहसा काही सेकंदांत विकता येतो. तिथे अडकून राहायचं कारण काय?

स्टॉप लावला म्हणजे तोटा तिथेच थांबेल, अशी हमी मात्र कुणी देत नाही. ट्रिगर 480 आणि लिमिट 478 असेल, म्हणजे 480 ला ऑर्डर जागी होते पण 478 च्या खाली विकत नाही, आणि सकाळी शेअर थेट 465 ला उघडला, तर ऑर्डर नुसती पडून राहते. लोअर सर्किट लागलं तर घेणाराच नसतो. म्हणून निकालाच्या किंवा मोठ्या घोषणेच्या आदल्या दिवशी सौदा लहान ठेवावा.

खर्चही धरा. डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्के एसटीटी लागतो. 23 जुलै 2024 पासून अल्पमुदतीच्या नफ्यावर कर 15 ऐवजी 20 टक्के झाला आहे, वर सेस. म्हणजे त्या 4,000 च्या नफ्यातून 800 च्या वर कराचेच गेले. सेबीच्या जुलै 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये शेअरांत इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. शिवाय तोट्यातल्यांनी त्या तोट्याच्या 57 टक्के इतकी रक्कम खर्चापायी वेगळी घालवली.

एक काम जरूर करा. पत्रकातल्या प्रत्येक सौद्यासमोर लिहा: खरेदी करताना स्टॉप किती होता, धोका किती होता, हाती किती पट आलं. स्टॉपची जागा कोरी राहिली तर तिथे ‘नव्हता’ असं लिहा. पन्नास सौद्यांची बेरीज उणे आली, तर नवा सौदा थांबवा. आणि तोट्याचं वर्ष असलं तरी रिटर्न मुदतीत भरा. अल्पमुदतीचा भांडवली तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, इंट्राडेचा चार वर्षं. मुदत चुकली की तो हक्क जातो.