बामणघळीला केव्हा जावे?

नाशिकच्या शाळांच्या सहली कोकणात जातात, पण सहलीची बस काही भरतीची वेळ पाहून निघत नाही. त्यामुळे गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ पाहायला गेलेली पुष्कळ मंडळी काळ्या कातळातील एक अरुंद भेग तेवढी पाहून परततात.

भरतीला हीच भेग गर्जू लागते. लाट आत शिरली की दोन्ही बाजूंना भिंती, समोर वाट बंद आणि मागून पाण्याचा रेटा! पाणी दाबून लहान होत नाही. सुटका फक्त वर. मग फवारा उसळतो. तो 5 मीटर चढायचा, तर निघताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 10 मीटर हवा. गणित करून पाहा.

भरती केव्हा, यासाठी किनाऱ्यावर एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. पुढे प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचे. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. ठोकताळ्यात 45 धरली आहेत, म्हणून थोडा फरक पडतो. तरी सहलीची तारीख ठरवायला घरचे पंचांग पुरते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला फवारा सर्वांत उंच, आणि धोकाही सर्वांत मोठा. पावसाळ्यात तर जाऊच नये. शिक्षकांनी भरतीच्या तासभर आधी पोहोचून कातळ कोठवर ओला आहे ते पाहावे. लाट तेथवर येऊन गेलेली असते. चढत्या भरतीत पुढची त्याच्याही वर येते. मुलांना त्या रेषेच्या बरेच मागे, कोरड्या कातळावर उभे करावे.