रक्त गोठतंय की रक्तवाहिनी सुजलीय?

आजचा विषय दोन आजारांचा आहे, पण सुरुवात तिसऱ्यापासून करू. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. त्यामुळे घोट्याजवळची जखम भरेना किंवा तरुण वयात लकवा मारला, की पहिला संशय सिकलसेलवर जातो. तो जायलाच हवा. अडचण पुढे आहे. सोल्युबिलिटीची साधी तपासणी पॉझिटिव्ह आली की शोध थांबतो. ही तपासणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. आणि माणूस नुसता वाहक निघाला, तर अशा जखमेचं कारण बहुधा दुसरीकडे असतं.

कुठे? शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात. एक, रक्तवाहिनीची भिंतच सुजते. दुसरी, भिंत शांत असते, पण रक्तात नको तिथे गुठळी होते. ल्युपसमध्ये दोन्ही एकत्र दिसू शकतात. सुजलेलं अस्तर चिकट होतं, मग त्यावर गुठळी धरते. बाहेरून जखम सारखीच दिसते. अशा वेळी कातडीचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर उलगडा होऊ शकतो.

गुठळीच्या आजाराचं नाव अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. यातली एक प्रतिपिंडं मोठी फसवी आहेत बरं का! परीक्षानळीत रक्त उशिरा गोठतं, म्हणून त्यांना नाव पडलं 'ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट', म्हणजे रक्त न गोठू देणारं. शरीरात मात्र उलटं, गुठळ्या होतात. रिपोर्टवर एपीटीटी वाढलेला पाहून 'हिला रक्तस्रावाचा धोका' असं वाटतं, आणि जिला गुठळीवरचं औषध हवं तिलाच ते मिळत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची ही तपासणी म्हणूनच व्हावी. पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. तापानंतरही ती काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते.

एवढा काथ्याकूट कशासाठी, तर औषधं वेगळी आहेत. भिंत सुजली तर स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं; गुठळी असेल तर वॉर्फरिन. नुसत्या स्टिरॉइडने गुठळ्या थांबत नाहीत, आणि सिकलसेलच्या रुग्णात स्टिरॉइडमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. बेशेटच्या आजारात फुफ्फुसाची धमनी फुगलेली असेल, तर रक्त पातळ करणारं औषध जिवावर बेतू शकतं.

वॉर्फरिन घेताना आयएनआर साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पावसाळ्याच्या तोंडावर तरोट्याची भाजी निघते. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या औषधाचा जोर कमी करतं. भाजी सोडू नका. पण एरवी कधी नाही आणि आता आठवडाभर रोज, असं करू नका. गर्भ राहायचा विचार असेल तर आधी सांगा. वॉर्फरिन गर्भाला बाधतं. त्या काळात हेपॅरिनची इंजेक्शनं आणि कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात.