डब्यात काय? : कुटाशिवाय खिचडी

तुम्हाला कबूल केलेला थर्मास या आठवड्यात नाही. गरम आमटी-भाताचं वचन मी विसरलेले नाही, पण मध्येच न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. लेक यंदा पहिलीत गेली. लगेच बाईंची चिठ्ठी घरी आली : वर्गात एकाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, डब्यात शेंगदाणा कुठल्याही रूपात नको. "आमच्याकडे कुटाशिवाय काकडीची कोशिंबीरसुद्धा होत नाही," त्या लिहितात. "आणि पोरीला साबुदाण्याची खिचडी जीव की प्राण. आता काय रोज जॅम-ब्रेड द्यायचा?"

मुळीच नाही. पण आधी या खिचडीची गंमत बघा. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची, बटाटा, सगळेच मूळचे अमेरिका खंडांतले. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी तिकडून निघून आपल्या उपवासाच्या ताटात येऊन बसलेली ही मंडळी आज अमेरिकेतल्या शाळेच्या दारात अडवली जातात. अर्थात अडवणूक फक्त आपलीच नाही. पीनट बटर आणि जेली लावलेलं सँडविच हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वस्त डबा. त्याची छापील कृती १९०१ सालापासून सापडते, आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९१६ मध्ये शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिकाच काढली होती. त्या चिठ्ठीने शेजारच्या घरातल्या आईचीही तितकीच पंचाईत केली आहे.

पर्याय शोधताना लोक चव शोधतात, तिथे फसतात. कूट त्या पदार्थात काम काय करतं ते बघावं. कोशिंबिरीत ते सुटलेलं पाणी धरतं. भरल्या वांग्यात रस दाट करतं. खिचडीत भिजलेल्या साबुदाण्याच्या चिकट अंगावर त्याची भरड बसते आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. ही तीन वेगळी कामं आहेत, तेव्हा एकच पर्याय सगळीकडे चालवायचा हट्ट नको.

खिचडीसाठी मी सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया घेते, बिनमिठाच्या आणि कच्च्या. मंद आचेवर भाजा, कारण त्या शेंगदाण्यांपेक्षा लवकर करपतात आणि करपल्या की कडू होतात. पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबत-थांबत फिरवा. एकसारखा फिरवलात तर तेल सुटून गोळा होईल. तीन भाग या कुटात एक भाग डाळ्याचं कूट मिसळलं की भरड कोरडी राहते. रंग जरा राखाडी येतो, पण जिरं-मिरचीची फोडणी आणि वरून लिंबू पडलं की मुलं त्याकडे बघत नाहीत. डाळं, आपलं चिवड्यातलं, हे तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत स्वस्त उत्तर आहे. कोशिंबिरीत ते एकटंच पुरतं, दडप्या पोह्यांत दाण्यांच्या जागी अख्खं टाकलं तर कुरकुरीतपणाही मिळतो. उपवासाला मात्र ते चालत नाही, पण पहिलीतल्या मुलीला कसला उपवास!

भाजलेल्या त्याच बियांत गूळ घालून मिक्सर मुद्दाम जास्त फिरवलात तर जो गोळा होतो, तो पोळीवर पसरून गुंडाळी करा. दुकानात सूर्यफुलाचं लोणी तयार बाटलीत मिळतं, पण घरी करणं स्वस्त पडतं. दिसायला ते हुबेहूब पीनट बटर, म्हणून डब्यावर इंग्रजीत चिकटपट्टी लावा, नाहीतर जेवणाच्या देखरेखीला असलेल्या बाई घाबरून डबा उचलून नेतील. आणखी एक : याच बिया सोडा घातलेल्या मफिनमध्ये गेल्या तर मफिन गार होताना आतून हिरवा पडतो. सूर्यफुलातल्या क्लोरोजेनिक आम्लाची सोड्याशी क्रिया होते. बिघडत काही नाही, पण मुलं तोंड लावत नाहीत. थालिपिठात सोडा नसतो, तिथे निर्धास्त घाला.

भरल्या भाज्यांना कोकणची वाट धरावी : ओलं खोबरं, नाहीतर भाजलेलं सुकं. इतकी वर्षं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन नारळाला झाडावरच्या कठीण कवचाच्या फळांत, म्हणजे बदाम-अक्रोडांच्या पंगतीत बसवत होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी नारळ त्या यादीतून काढला. तरी शाळेचा कागद जुना असू शकतो, एकदा विचारून घ्या. काजू-बदाम मात्र पर्याय म्हणून घेऊ नका. महाग तर आहेतच, शिवाय पुष्कळ वर्गांत त्यांनाही बंदी असते.

आता दोन गोष्टी, ज्या त्या चिठ्ठीत लिहिलेल्या नसतात. पहिली, मिक्सरचं छोटं भांडं. ज्या भांड्यात वर्षानुवर्षं दाण्याचं कूट झालं, त्याच्या पात्यांखाली आणि रबरी चकतीत ते थोडंफार असतंच. सूर्यफुलासाठी निराळं भांडं ठेवा. बियाही बंद पाकिटातल्या आणि वेष्टनावरचा मजकूर वाचून घ्या. दुकानातल्या उघड्या पेट्यांमध्ये शेजारच्या दाण्यांचा पळा इकडे येतो. दुसरी, तेल. अतिशुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलाला तिथल्या अ‍ॅलर्जीच्या लेबल-कायद्यात सूट आहे, कारण त्यात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. पण भारतीय दुकानातून आपण हौसेने आणतो ते घाण्याचं तेल तसं नसतं. डब्याची पोळी-भाजी दुसऱ्या तेलात करा.

तिळाचंही सांगून ठेवते. १ जानेवारी २०२३ पासून तीळ अमेरिकेत नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरला. आपण तिळगूळ आणि चटणीपुरता विचार करतो आणि गोडा मसाला विसरतो. तिळाची चिठ्ठी आली तर आमटीसुद्धा त्यात आली. या कायद्याचा एक विचित्र परिणाम असा की काही बेकऱ्यांनी तीळ पूर्णपणे दूर ठेवण्याचा खटाटोप नको म्हणून पावात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घालून तसं लेबलवर छापायला सुरुवात केली. तेव्हा कालपर्यंत चालणारा पाव आजही चालेल असं धरू नका.

"आमच्या लहानपणी कुठे होत्या या अ‍ॅलर्ज्या?" हा प्रश्न पत्राच्या शेवटी आहेच, आजी मंडळींकडून आलेला. उत्तराचा एक भाग कदाचित डॉक्टरांच्या बदलत्या सल्ल्यात असेल. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं की अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ मध्ये लंडनमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाने ६४० बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला : लवकर आणि नियमित शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जीचं प्रमाण ३.२ टक्के, टाळणाऱ्यांत १७.२ टक्के. २०१७ पासून अमेरिकेतला अधिकृत सल्लाच उलटा झाला. पण ज्यांना अ‍ॅलर्जी झाली आहे त्यांना याचा उपयोग नाही, आणि घरच्या घरी प्रयोग तर कुणीच करू नये.

वर्गबंदीचा उपयोग किती, यावर माझं मत जरा वेगळं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांच्या २०१७ च्या अभ्यासात शेंगदाणा-मुक्त शाळांत तातडीच्या इंजेक्शनांचं प्रमाण कमी आढळलं नाही. वेगळं टेबल ठेवणाऱ्या शाळांत मात्र ते कमी होतं. मला टेबल जास्त शहाणपणाचं वाटतं. पण चिठ्ठी आली की ती पाळायची, तिथे वाद नाही. आणि घरी शेंगदाणे खाऊन शाळेत जाणाऱ्या मुलीचे हात साबणाने धुवा. सॅनिटायझर चोळून किंवा नुसत्या पाण्याने शेंगदाण्याची प्रथिनं नीट जात नाहीत.

सगळ्यांत अवघड गोष्ट स्वयंपाकघराबाहेरची आहे. आपण डबे मध्ये ठेवून, एकमेकांच्या डब्यात हात घालून वाढलो. एकटी खाणारी मुलगी आपल्याला आपमतलबी वाटते. तिकडच्या बहुतेक शाळांत दुसऱ्याला घास द्यायला मनाई असते. तेव्हा घरी "वाटून खा" आणि शाळेत "कुणाला देऊ नकोस" हे दोन्ही तिला सांगावं लागतं, आणि का ते तिच्या भाषेत समजावावं लागतं. सहा वर्षांच्या मुलांना "तो आजारी पडेल" एवढं कारण पुरतं.

आणि हो, खिचडी गार झाली की साबुदाणा रबरासारखा होतो, कूट कुठलंही घाला. तिला थर्मासच हवा. तो पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर घरात असलेला थर्मास बाहेर काढा, झाकणातली रबरी चकती सोडवून धुवा, त्यात गरम पाणी भरून तासभर ठेवा आणि मग ते पाणी स्वतःच ओतून टाकू नका. झाकण लेकीला उघडायला सांगा. तिला उघडलं नाही, तर रुंद तोंडाचा, सैल फिरकीचा दुसरा बघायला लागा.